आस्वाद कुणाच्या बापाचा?

सिद्धगडाच्या पायथ्याला आमच्या पोरांचं एक वाचनालय आहे. वाचनालय म्हणजे पत्र्याचं एक कपाट, दोन सतरंज्या आणि एक बल्ब. त्या कपाटातलं एक पुस्तक बाहेर काढावं, असा ठराव आलाय. ठराव आणणारे आपलेच साथी आहेत. शत्रू बोलला तर कानाआड करता येतं. साथी बोलला तर उत्तर द्यावं लागतं. म्हणून लिहितोय.

पुस्तक म्हणजे जुन्या मराठी गोष्टींचा एक संग्रह. कल्याणच्या रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं आलेला. पुठ्ठा नाही, पहिली आठ-दहा पानं नाहीत, त्यामुळं संपादक कोण, साल कुठलं, काही पत्ता नाही. आत हरि नारायण आपटे आहेत. दिवाकर कृष्ण, य. गो. जोशी, श्री. म. माटे आहेत. पुढं गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’ असे सगळे शब्द डोक्यावर टिंबं घेऊन उभे. शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी १९६२ साली ती टिंबं उडवली, म्हणजे छपाई त्याआधीची. अण्णाभाऊ साठे तेव्हा लिहीत होते. या पुस्तकात ते नाहीत. ठरावाचं म्हणणं असं, की हे सदाशिवपेठी पुस्तक आहे, पोरांच्या डोक्यात बामणी संस्कार पेरतं, सबब आपल्या कपाटात नको.

दुसऱ्या बाजूला एक निवृत्त प्राध्यापक. आम्हीच बोलावले होते. पुस्तक हातात घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग आम्हाला तासभर सांगितलं, की अभिजात कथा वाचताना जात-बित, चळवळ-बिळवळ बाजूला ठेवावी आणि निखळ आस्वाद घ्यायला शिकावं.

जात बाजूला ठेवा. ठेवतो ना साहेब. कुठं ठेवू? चपलांजवळ?

आता कुणी म्हणेल, हा गडी दोघांच्या मध्ये उभा राहून समेट करतोय. नाही. मी दोघांच्याही विरोधात आहे. साथींच्या जास्त, कारण ते माझे आहेत.

आधी एक गोष्ट उघड सांगतो. त्या पुस्तकात मला मजा येते. गोदीत दिवसभर लोखंडाशी झटून माणूस लोकलच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या अंगात क्रांती-बिंती काही शिल्लक नसते. हाडं तेवढी असतात. अशा वेळी आपट्यांची गोष्ट उघडावी. ‘काळ तर मोठा कठीण आला’. १८९६-९७ च्या दुष्काळावरची. ‘रामजी’ या नावानं ती इंग्रजीतही गेली. त्या गोष्टीला घाई नाही. आजच्या कथांसारखी ती पहिल्या ओळीत तुमच्या कॉलरला हात घालत नाही. ती बसते, पाणी मागते, मग बोलायला लागते. दुष्काळ घराला कसा एकेक भांड्यानं, एकेक माणसानं पोखरत जातो, ते ती सांगते आणि तुमचं स्टेशन निघून जातं.

गोदीच्या बाहेर चहाची टपरी टाकलेला एक म्हातारा आहे, १९७२ च्या दुष्काळात पोटासाठी बीडकडून मुंबईत आलेला. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. त्याला ही गोष्ट मी तीन दिवस थोडी थोडी वाचून दाखवली. संपल्यावर विचारतो, लिहिणारा कोण? म्हटलं, पुण्याचे आपटे. तर म्हणाला, “मग त्याला भूक सांगितली कुणी?”

मराठीच्या सगळ्या समीक्षकांनी मिळून आपट्यांवर जेवढं लिहिलंय, त्याच्या वजनाचा हा एक प्रश्न आहे. आणि हा प्रश्न विचारताना म्हातारा खूश होता, हे ध्यानात घ्या. त्याला राग आला नव्हता. गोष्ट आवडली होती म्हणूनच त्यानं चौकशी केली. आवडणं आणि हिशोब मागणं एका श्वासात झालं. प्राध्यापकसाहेबांचा निखळ आस्वाद या म्हाताऱ्याच्या आस्वादापुढं पाणी घातलेलं दूध आहे. त्यांना गोष्ट अर्धीच चाखता येते, कारण दुसऱ्या अर्ध्याकडं बघायचं नाही अशी त्यांनी शपथ घेतलीय.

उदाहरण देतो. दिवाकर कृष्णांची ‘अंगणातला पोपट’ ही गोष्ट १९२२ साली ‘मनोरंजन’मध्ये आली. मराठी कथा इथून मनाच्या आत वळली, असं पुस्तकांत म्हणतात. बरोबर असेल. वाक्य कसं हळवं करावं, ते मी तिथून शिकलो. पण अशा गोष्टी ओळीनं पाच-सहा वाचल्या की मला त्या घरांचा नकाशा दिसायला लागतो. पुढचं दार, माजघर, तुळस, विहीर. आणि मागचं दार? जिथून मैला उचलणारी बाई रोज पहाटे यायची, ते दार एकाही गोष्टीत उघडत नाही. घर आहे, घरात माणसं जेवतात, आणि संडास नाही! दहा माणसांच्या वाड्याला संडास नाही! हे दिसलं की मला हसू येतं. ते हसू आस्वादात धरायचं की नाही? साहेब म्हणतील, नाही, ते समाजशास्त्र झालं. आम्ही म्हणतो, गोष्ट वाचताना हसू आलं, तर ते गोष्टीचंच.

मग ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर यांनी अर्धं शतक गाजवलं. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून गोष्टीचं तंत्रच बांधून दिलं. वाद मोठा, पण पंगत एकच. वाढपी कोण आणि उष्टी कुणी काढली, हे दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही. या दोघांवर मी यापेक्षा जास्त शाई घालवणार नाही.

माट्यांचं मात्र तसं नाही. त्यांना त्यांचेच लोक ‘महार माटे’ म्हणून हिणवायचे. अस्पृश्यांच्या पोरांना शिकवणारा माणूस. ‘उपेक्षितांचे अंतरंग’ १९४१ सालचं, त्यातल्या ‘तारळखोऱ्यातील पिऱ्या’ची भाषा वाचा. मातीला हात लावून आलेली आहे. ठरावाच्या यादीत माट्यांचं नावही ‘मनुवादी’ म्हणून घालणाऱ्या साथीला मी विचारलं, तू वाचलंयस का रे? नाही म्हणाला. तरीपण माट्यांशी माझं भांडण आहेच. ‘उपेक्षित’ हा शब्द घ्या. कुणी उपेक्षा केली? शब्दात उपेक्षा झालेला आहे, करणारा पसार आहे. पोलीस पंचनाम्यात जसं ‘मयत इसमास मारहाण झाली’ असं येतं, तसं. माट्यांना कळवळा खरा होता, म्हणून तर त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. फडक्यांशी काय भांडायचं?

आता साथींनो, तुमच्याकडं येतो.

तुम्ही म्हणता, बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. २५ डिसेंबर १९२७, महाड. जाळलीच. कायदा म्हणून जी अंगावर आली होती ती जाळली. पण त्याच बाबासाहेबांनी पुढं दादरला राजगृह बांधलं ते कशासाठी? हजारो पुस्तकं ठेवायला. त्यात आपल्या शत्रूंची पुस्तकं नव्हती असं वाटतं का तुम्हाला? शत्रूचं पुस्तक शत्रूपेक्षा नीट वाचलं म्हणून तो माणूस उभ्या देशाला पुरून उरला. एक पुस्तक जाळायचा हक्क त्यांनी हजार पुस्तकं वाचून कमावला होता. तुम्ही एक न वाचता एक काढून टाकताय.

दिल्लीत २००४ साली प्रेमचंदांची ‘रंगभूमि’ जाळली गेली. जाळणारे दलित लेखकच होते. कादंबरीत जातीचं नाव ज्या तऱ्हेनं परत परत येतं, त्यावर त्यांचा राग होता. राग मला कळतो. ‘कफन’ वाचून माझंही डोकं फिरलं होतं. बायको आत कळा देत मरतेय आणि बाप-लेक बाहेर बटाटे भाजून खातायत, आणि ते दोघं आमच्या माणसांतले! पण त्याच प्रेमचंदांनी ‘ठाकूर का कुआँ’ लिहिली. नवरा तापानं फणफणलाय, घरात नासकं पाणी, आणि बाई रात्रीची ठाकुराच्या विहिरीवर चोरून जाते. पाचेक पानं असतील नसतील. ही गोष्ट जरा शहापूर तालुक्यात बसून वाचा. तानसा धरण १८९२ सालचं, भातसा नंतरचं, पाणी मुंबईच्या नळाला, आणि धरणं ज्या तालुक्यात आहेत तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया टँकरची वाट बघत हंडे लावून बसलेल्या. आमच्या वाचनात ही गोष्ट निघाली तेव्हा एक ठाकरीण म्हणाली, “ठाकुराची विहीर तरी गावात होती. आमची तर मुंबईला गेली.” ही ओळ मी गेली दोन वर्षं कवितेत घालायचा प्रयत्न करतोय. जमत नाही. ती तिच्या तोंडातच बरी.

प्रेमचंद जाळला असता तर ही ओळ कुठून आली असती?

तुमच्यातला एक जण म्हणाला, हे सगळं त्यांचं साहित्य, आपल्याकडं आपली गोष्ट नव्हती म्हणून त्यांची वाचली, आता आपली आहे, तर त्यांची कशाला. या बोलण्यात एक मोठी लबाडी आहे आणि ती आपण त्यांच्याकडूनच उचललीय. आपली गोष्ट नव्हती? अरे, जगातल्या गोष्टींच्या सगळ्यात जुन्या संग्रहांतला एक आपल्या घरचा आहे. जातक. पाली भाषेत ५४७ गोष्टी. १९५६ साली आपण जो धम्म घेतला त्याच्याबरोबर हा वारसा आला, आणि आपण तो फोटोखाली ठेवून दिला. या गोष्टींत पांचशे पांचशे गाड्यांचे तांडे घेऊन व्यापारी निघतात. सातवाहनांच्या काळातली नाणेघाटाची वाट इथूनच, मुरबाड तालुक्यातूनच, जुन्नरकडं चढते. तिथल्या जकातीच्या दगडी रांजणाला हात लावलेली आपली पोरं आहेत. त्यांना जातक परकं वाटायचं कारण नाही.

पहिलंच जातक घ्या. दोन व्यापारी तांडा घेऊन निर्जळ रानातून जायला निघतात. पहिला पुढं जातो. वाटेत यक्ष माणसांचं सोंग घेऊन येतात. केस ओले, हातात कमळं. म्हणतात, पुढं धो धो पाऊस आहे, हे पाण्याचे जड रांजण कशाला वाहताय? फोडून टाका. हा शहाणा फोडतो. पुढं पाणी नाहीच. रात्री यक्ष येऊन माणसं, बैल सगळं खाऊन टाकतात. मागून दुसरा व्यापारी येतो. त्यालाही तेच सांगतात. तो म्हणतो, वारा नाही, वीज नाही, ढग नाही, पाऊस कुठला? आपलं पाणी सांडू नका.

साथींनो, तुमच्या ठरावाचे केस मला ओले दिसतायत.

आणि दुसरी, मातंग जातक. नाव ऐकून आमच्या मातंग साथींनी कान टवकारले. बनारसच्या शेठाची पोरगी लवाजमा घेऊन बागेत निघालीय. वाटेत मातंग नावाचा चांडाळ दिसतो. बघितलं म्हणून ती सुगंधी पाण्यानं डोळे धुते आणि माघारी फिरते. बागेतलं फुकटचं खाणंपिणं बुडालं म्हणून लोक मातंगाला बेदम मारतात. शुद्धीवर आल्यावर तो काय करतो? शेठाच्या दारात जाऊन आडवा पडतो. काय पाहिजे? तुझी पोरगी. ती मिळाल्याशिवाय उठत नाही. एक दिवस, दोन दिवस, सात दिवस. सातव्या दिवशी पोरगी द्यावी लागते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा बोधिसत्त्व दारात धरणं धरून बसलाय! पुढं गोष्टीत चमत्कार सुरू होतात, तिथं मला कंटाळा येतो, आणि त्या पोरीला काय वाटलं हे गोष्टीला नीट पडलेलं नाही, तेही खटकतं. आमच्या एका साथिणीनं हाच मुद्दा काढला आणि सभा तासभर पेटली. पेटू दे. पण ते सात दिवस वाचताना अंगावर जो काटा येतो, तो घ्यायचा की टाकायचा?

आता गंमत बघा. ही जातकं आपल्यापर्यंत मराठीत आणली कुणी? धर्मानंद कोसंबींनी. दुर्गा भागवतांनी तर ‘सिद्धार्थ जातक’चे खंडच्या खंड केले. आडनावं बघून कपाट लावायचं तर जातकही बाहेर काढावं लागेल. मग कपाटात राहील काय? ठरावाची वही.

गोष्टी नीट वाचल्या की त्यांच्यातलं भोक सापडतं, आणि त्या भोकातून आपला गाव दिसतो. आमच्या त्या फाटक्या संग्रहात न्हावी दोनदा येतो. दोन्ही वेळा बडबडतो, हसवतो आणि जातो. जुन्या गोष्टींत न्हाव्याला एवढंच काम. आणि ज्या गडाखाली आमचं कपाट उभं आहे तिथं २ जानेवारी १९४३ ला कोण पडलं? भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानच्या नाभिक घरातला पोरगा, वकील झालेला. शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्यकोठी काढणारा, शाळा काढणारा. बेचाळीसला आझाद दस्ता घेऊन मुंबईकडं जाणारे विजेचे मनोरे पाडले. पोलिसांना खबर लागली आणि सिद्धगडाच्या रानात पहाटे गोळीबार झाला. कोतवाल गेले, हिराजी पाटील गेले. दर वर्षी त्या दिवशी इथं मानवंदना होते, भाषणं होतात, गाड्या येतात, जातात.

त्या काळातल्या मराठी लघुकथेनं असा न्हावी कल्पनेतही आणला नव्हता. तो सह्याद्रीत जिवंत फिरत होता आणि कथा पुण्याच्या गच्चीवर चांदणं बघत होती. हे मला भाषणांतून कळलं नाही. भाषणांत कोतवालांची जात कुणी उच्चारत नाही, तीही बाजूला ठेवलेली असते. ते कळलं या संग्रहातला तो बडबड्या न्हावी वाचताना. पान मिटवलं आणि वर गडाकडं बघितलं. ज्याला हे पुस्तक कपाटात नको आहे, त्याला पुराव्याचा कागदच फाडायचा आहे. आणि हे पुस्तक ज्यांच्या दिवाणखान्यात आहे, ते तर पुराव्याकडं बघणारच नाहीत. मग बघणार कोण?

म्हणून म्हणतो, आस्वादावर आपला हक्क सांगा. चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब प्यायले ते त्या पाण्याला काही वेगळी चव होती म्हणून नाही. इथं तर चवही आहे. माडगूळकरांचा ‘गणा महार’ वाचताना वाक्य किती थोडक्यात उभं राहतं ते बघा, ते उचला, आणि मग गणा महाराच्या बाजूनं तीच गोष्ट लिहून दाखवा. बाबुराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आणली, ती काय हवेतून पडली? त्या माणसानं जगातल्या गोष्टी पोटभर वाचल्या होत्या, आणि मग अशी गोष्ट लिहिली की वाचणाऱ्याच्या पाठीवर वळ उठले.

तर माझा उलटा ठराव असा. संग्रह कपाटातच राहील. त्याच्या शेजारी बागुल, खरात, बंधुमाधव, अण्णाभाऊ लागतील. प्रत्येक वाचनाला एक गोष्ट त्यातली, एक यातली. वाचून दाखवायची, कारण ऐकणाऱ्यांत अर्धे लोक सही शिकलेत, पान नाही. आणि वाचून झाल्यावर ऐकणारा पहिला बोलेल, वाचणारा शेवटी.

दिवाळी झाली की कातकरी वाड्या वीटभट्ट्यांवर जातात, कुलूपसुद्धा न लावता, कारण आत काही नसतं. गेल्या खेपेला त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही वाडीवर ‘स्मशानातील सोनं’ वाचली. खाण बंद पडून बेकार झालेला अण्णाभाऊंचा भीमा. मसणातली राख चाळून सोनं काढणारा, मढ्यासाठी कोल्ह्यांशी झुंजणारा. दोन बोटं जातात आणि त्याच वेळी कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. वाचून थांबलो. कुणी बोलेना. मला वाटलं, मृत्यूवर, नशिबावर काहीतरी निघेल. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या कातकऱ्यानं बिडी विझवली आणि विचारलं, “खाण चालू झाली ना? मग दोन बोटं नाहीत म्हणून मुकादमानं त्याला घेतला का नाही? आणि उचल किती दिली?”

गोष्टीत ते नाही. रात्री बारापर्यंत आम्ही त्यावर भांडलो. तीन जण म्हणाले घेतला असेल, पण निम्म्या मजुरीवर.